आईचा ‘बिनाइन’

इंग्रजी शब्द शिकावा तर आमच्या आईसारखा! नव्वद सालच्या आसपास बाबांच्या मानेवर गाठ आली होती. पनवेलच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, “बिनाइन आहे” म्हणाले आणि फोन वाजला म्हणून आत गेले. आम्हा तिघांनाही तो शब्द नवा. बाबा पांढरेफटक पडले. आई मात्र उठून थेट आतल्या दारात उभी राहिली.

“डॉक्टर, मराठीत सांगा.”

“अहो वहिनी, निरुपद्रवी गाठ आहे. कॅन्सर नाही!”

बाहेर पडलो, तर एसटी स्टँडसमोर एक रिक्षावाला बाबांवर खेकसला, “ओ काका, रस्ता काय तुमचा हाय?” बाबा भांडायला वळले. आईने त्यांचा हात धरला आणि कितीतरी दिवसांनी हसली.

“सोडा हो त्याला. बिनाइन आहे तो!”