पपईचा चीक

शालू, तू फक्त ऐक वं! दवाखान्यात माझ्या बाजूले नत्थूजी आचारी अन् त्यांची बायको वेणूबाई बसले होते. मणक्यातली गादी सरकून नत्थूजीची कंबर वर्षभर दुखून राहिली. डॉक्टर आज चिरफाड न करता गादीत सुई देणार होते.

नत्थूजी बायकोले म्हणे, "सुईत काय हाय, ठाव हाय तुले? पपईचा चीक!"

"मंग?"

"अवं, तोच मी मटनाले लावतो! बुढा बकराबी गळते. माह्या पाठीचं काय होईन?"

"फुगलेली गादीच तं गाळायची हाय. थे गळली का दबलेली नस मोकळी."

"अन् हाड गळलं तं?"

"तीस वर्सं मटन रांधलं. तुमच्या गंजा-पातेल्यात एक तरी हाड गळलं काय?"

"नाई गळलं."

"मंग उठा, नर्स बलावून राहिली. नाई तं ऑपरेशन, अन् सहा महिने गंजाले हात लावता येणार नाई."

"पण मी चीक लावला का घड्याळ पाहतो. घंटाभरात धुऊन टाकतो, नाई तं लगदा होते. पाठीतून थो धुऊन कोण काढन वं?"

नर्सनं दुसऱ्यांदा हाक मारली. वेणूबाईनं उचललेली थैली परत खाली ठेवली.

शालू, तू असती तं काय केलं असतं?