पुढची जागा

साल्ता शहरातल्या पेट्रोलपंपावर माझ्यापुढे एक जुना पिकअप उभा होता. चाकामागे सत्तरीची बाई, खिडकीबाहेर उभा तिचा मुलगा.

"आई, खाली उतर. काफायातेपर्यंत तीन तासांचा रस्ता आहे, तोही दरीतून."

"माहीत आहे. द्राक्षं आणायला चाळीस वर्षं तुझ्या बाबांशेजारी बसून गेलेय."

"बसून! चालवलीस कधी?"

"हात लावू दिला असता तर ना! ते गेल्यावर शिकले. परवाना आहे माझ्याकडे."

"तिसऱ्या खेपेला मिळालेला."

"मिळाला ना?"

"अगं, तिथली वाईनच हवी तर मी आणून देतो."

"वाईन कोपऱ्यावरही मिळते. मला दरीतले ते लाल डोंगरकडे बघायचेत. उतरून, हात लावून. दर खेपेला मी म्हणायचे, जरा थांबवा हो. तर तुझे बाबा म्हणत, दगडच आहेत, द्राक्षं नासतील."

"बरं, मी चालवतो. सांगशील तिथे थांबवतो."

"थांबवशील, आणि घड्याळ बघत बसशील."

"निदान परत कधी येणार ते तरी सांग."

"नाही सांगणार. टाकी भरली, लेआंद्रो. बाजूला हो."

"मग मीही येतो."

"ये. मागे हौद्यात बस. पुढची जागा माझ्या मैत्रिणीची, एर्मिंदाची आहे. चौकात उभी असेल, नवऱ्याला न सांगता आलीय."

पिकअप दोन गचके खाऊन बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि दक्षिणेच्या रस्त्याला लागला. हौद्यात सुट्या टायरवर बसलेल्या लेआंद्रोनं दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली होती.