रंग लावल्यावर बोलायचं नाही

मी मूळची कुडाळकडची. बाबा दशावतारात राक्षस करायचे, पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं, आणि दशावतारात कसं असतं, प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो, दुसऱ्याचा हात लागू देत नाही. देवळामागे पत्र्याच्या ट्रंकेवर आरसा टेकवून बाबा बसायचे, सफेदा, तांबडा, काजळ, सगळं मांडून, आणि मी पाठीमागे उभी राहून आरशातनंच बघायचे. एकदा रंग लागला की बोलायचं नाही, रंगमंचावर जाईपर्यंत एक अक्षर नाही, असा त्यांचा नेम. आठेक वर्षांची असेन, एकदा मी त्यांचा ब्रश उचलला, तर हातातनं काढून घेतला, म्हणाले, चेडवान, म्हणजे मुलीच्या जातीने, रंगाक हात लावूचो नाय. मारलं नाही हो, पण मारलं असतं तर बरं, इतकं ते लागलं.

मग लग्न झालं, आमचे हे इकडे, म्हणून मी लंडनला, हाउन्सलोला आले. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरते, पहाटेची शिफ्ट. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर नुसते बघत बसायचे. भाऊ म्हणायचा, बोलता येतं गो त्यांना, बोलत नाहीत. काय सांगू तुम्हाला, जीव तुटायचा माझा.

तर कामावरची मैत्रीण म्हणाली, लायब्ररीत चायनीज ऑपेराचं मास्क पेंटिंग आहे, फ्री आहे, चल. तिथे एका म्हाताऱ्या चिनी मास्तरांनी आधी गाऊन दाखवलं, मला एक शब्द कळला नाही, पण पाय आपटून गर्रकन वळले ना, अंगावर काटाच आला. म्हणाले, आमच्याकडे तांबडा चेहरा निष्ठावंताचा, पांढरा कपट्याचा. मी म्हटलं घ्या, आमचा तर राक्षस तांबडा! मग प्रत्येकीपुढे कागदाच्या लगद्याचा कोरा मुखवटा ठेवला.

सगळ्याजणी टेबलावर ठेवूनच रंगवायला लागल्या. माझा हातच चालेना. समोरनं चेहरा रंगवताना मी कधी बघितलंय कोणाला? शेवटी मुखवटा तोंडाला बांधला, पर्समधला आरसा पाण्याच्या ग्लासला टेकवला, नि त्यात बघून सुरू केलं. मैत्रीण हसायला लागली, अगं वेडी का तू, खाली ठेव की. सगळ्याच हसल्या. मास्तर तेवढे हसले नाहीत. जवळ येऊन विचारलं, घरात नट कोण? म्हटलं, वडील. म्हणाले, आम्हीसुद्धा असाच आरशात बघून आपला चेहरा आपणच रंगवायचो, वडिलांनी चांगलं शिकवलंय. मी म्हटलं, नाही हो, त्यांनी नाही शिकवलं. नि मुखवट्याच्या आत मला रडूच फुटलं.

घरी येऊन मुखवटा परत बांधला नि भावाला कॉल लावला. रंग लागलेला, म्हणून मी बोलले नाही. भाऊ घाबरला, कोण आहे, काय झालं, मी गप्प. त्याने फोन बाबांपुढे धरला. बाबा बघत राहिले, बघत राहिले. मी म्हटलं संपलं, आता तोंड फिरवणार. तर डावा हात हळूच वर केला नि अडखळत म्हणाले, डावी भुवय वायच वर घे गो. राकसाची भुवय पडाक नको. मी नुसती मान हलवली नि ब्रश घेतला.

आता दर रविवारी असतं आमचं. मी रंगवते, ते चुका काढतात. अजून एकदाही बरं झालं म्हणाले नाहीत. नको म्हणू देत. चुका काढायला देव त्यांना उदंड आयुष्य देवो.