दुमजली कुकर

"वहिनी, सून चांगली हाये, पण मुकीच आणली का तुमी?" आतेसासूबाई सासूबाईंना विचारत होत्या. मी पडद्याआड चहा गाळत होते.

त्या दिवशी छत्तीसगडमधल्या भिलाई-३ या गावात आमच्या भांड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. गर्दी जमावी म्हणून नवऱ्यानं रायपूरहून हवेनं फुगणारा दुमजली प्रेशर कुकर खास बनवून आणला होता. माणसं स्कूटर थांबवून त्याच्यासोबत फोटो काढत होती.

आतेसासूबाईंना मात्र त्यात सतत हवा भरणाऱ्या मशीनच्या आवाजाचा त्रास. "हवा तर भरून झाली ना? मग ही मशीन कावून घरघर करून राहिली?" असं म्हणत त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि तिथे आपला टेबलफॅन लावला. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मोठ्यांची शिकवणी कशी घेणार? मी चहाचे कप भरत राहिले.

पाच मिनिटांत कुकर वाकून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायला लागला. "अरे, कुकर बैठ गया!" म्हणत लोक हसले आणि पांगायला लागले. नवरा घामाघूम होऊन भोक शोधत होता, दीर पंक्चरवाल्याला फोन लावत होता.

शेवटी मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत्याबाई, वारा छान लागतोय ना? तो कुकरचा आहे."