किल्ली कंपनीकडेही नाही

मोबाइल कंपनीच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. त्या काउंटरवरच्या मुलीशी हळू आवाजात बोलत होत्या.

"तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये माझे मेसेज कोण वाचू शकतं?"

"फक्त तुम्ही, आणि तुम्ही ज्यांना पाठवाल ते. मधे सगळं कुलूपबंद असतं."

"आमच्या ह्यांचा मित्र तुमच्याच कंपनीत आहे. मागे त्यानेच ह्यांना माझे मेसेज काढून दिले होते."

"आता किल्ली कंपनीकडेही नसते, काकू. मोठ्या साहेबांनी सांगितलं तरी उघडणार नाही."

"नक्की?"

"नक्की. फक्त पासवर्ड घरात कुणाला सांगू नका."

"मग आत्ताच टाकून द्या. बहिणीला कळवायचंय, उद्या लेकीला घेऊन कायमची येतेय म्हणून."

"हं, घ्या. पासवर्ड तुम्हीच टाका, काकू. मी पाठ फिरवते."