जबड्यातला भराव

अहो, पाया कसा घालायचा हे मला शिकवायचं? मला, हयवदनला? उभा जन्म सरकारी कंपनीच्या इमारती बांधण्यात गेला माझा, आमची अर्धी बनशंकरी वस्ती मला इंजिनियरअण्णा म्हणते, आणि ही दातांची डॉक्टर अनुषा, काल-परवाची पोरगी, मला सांगते, "अंकल, नवे दात रोवायला खाली हाडच नाही. आधी हाड भरूया, ते धरू दे, मग दात!" म्हटलं, म्हणजे जमीन भुसभुशीत, भराव घालायचा, तो बसला की खांब... सरी, समजलं! पाया काय मला नवीन आहे?

तुम्हाला सांगतो, मला दात हवे होते दिवाळीला. आमच्या हिची, हेमलताची कोडुबळी, तांदळाच्या पिठाची तळलेली कडी, तिखट, खणखणीत! गेल्या दिवाळीला घरभर कुडुम-कुडुम चाललेलं आणि मी एका कोपऱ्यात कोडुबळं चोखत बसलेला... चोखत हो! रडू आलं मला.

म्हणून उगादी, म्हणजे तुमचा पाडवा, उलटल्याबरोबर हाड भरून घेतलं. हाडाची पूड, वर टाके. आणि वर दम, "अंकल, चूळ भरायची नाही, थुंकायचंसुद्धा नाही!" आता तुम्हीच सांगा, नवं बांधकाम आणि क्युरिंगला पाणी मारायचं नाही? तडे नाही जाणार? पोरीला अनुभव नाही, दुसरं काय! घरी आलो आणि सकाळ-संध्याकाळ चुळा सुरू. अशा खळखळून! न्हाणीच्या दारातून हेमलता, "अहो, डॉक्टर नको म्हणाली ना?" म्हटलं, "तू तुझी कढई बघ. पाया काय मला नवीन आहे?"

टाके दाखवायला हेमलताला घेऊन गेलो, ताठ मानेने हं! अनुषाने आरसा घातला, बघितलं, पुन्हा बघितलं... "अंकल, टाके सुटलेत. भरलेलं हाड कुठे गेलं? चुळा भरल्यात?"

म्हटलं, "चुळा नाही, क्युरिंग!"

खुर्चीमागे हेमलता फिस्सकन हसली. डॉक्टर मात्र हसली नाही. म्हणाली, सगळं धुऊन गेलंय, आता जखम भरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे गेली की दिवाळी! पण चूक माझी? छे! साहित्यच हलकं, पाया काय मला...

असो. आज दिवाळी. घरभर कुडुम-कुडुम चाललंय, आणि माझी कोडुबळी हेमलताने मिक्सरमधून काढून वाटीत आणून ठेवली. वर तांब्या धरून विचारते, "इंजिनियरसाहेब, पाणी किती मारू?"

म्हटलं, स्वल्पच मार, बाई!