परबांचं नाक

— नाही हो काकू, कान नाही, माझं नाक. सर्दी? घरी तसंच सांगितलंय. पण सर्दी सहा महिने राहते का? नाही राहत. मी चारकोपला सेंटच्या कारखान्यात असतो — साबणवाले, अगरबत्तीवाले आमच्याकडून माल नेतात — आणि बाहेरून आलेलं पिंप वास घेऊन पास करायचं, हे माझं काम. चौदा वर्षं. जिरॅनिऑल म्हणून असतं एक, रोशा गवताच्या तेलातून काढतात, पण वास गुलाबाचा — तेही अल्कोहोलच, पण प्यायचं नव्हे. कागदाची पट्टी बुडवायची, नाकाशी धरायची, आणि गुणाजी परब ठीक म्हणाला की ठीक. शेठ दुसऱ्या कोणाला विचारत नाही.

मार्चमध्ये ताप आला, गेला, आणि पट्टी नाकाशी धरली तर — कागद. नुसता कागद. मग काय केलं? कमल म्हणून बाई आहे बाटल्या भरायला, तिच्या नाकाशी पट्टी धरतो, ‘सांग बघू, कसा आहे?’ असं मास्तरासारखं विचारतो, आणि तिचं तोंड बघून सही करतो. तिला वाटतं, मी शिकवतोय. काल ती आलीच नाही. तरी केली सही. आत काय होतं, देवाक ठाऊक.

पण नोकरीसाठी नाही आलो मी इथे. रविवारी सकाळी चहा ठेवायला गेलो — बायको, रुक्मिणी, दूध आणायला गेलेली, पोरगी ओट्याखाली भातुकली मांडून बसलेली. काडी पेटीवर टेकवली, आणि रुक्मिणी दारातून — ओरडली नाही हो, हळू म्हणाली, ‘अहो, ती काडी खाली ठेवा.’ जिन्यात वास येत होता म्हणे. शेगडीचं बटण अर्धं उघडं, आणि मी त्या गॅसमध्ये उभा, चौपाटीवर उभं राहावं तसा.

खरं कळलं तर ती पोरीला माझ्याजवळ एकटी सोडणार नाही. बरोबरच आहे. मी तरी सोडेन का? नाही सोडणार. आणि आत डॉक्टर म्हणाले, आता वास यायचा नाही, तर? मग तिला सांगावंच लागेल — आज, घरी गेल्यावर.

परब म्हणून हाक मारली ना? हो, ऐकलं मी. तुम्ही जा आधी. जा हो काकू, मी बसतो.